मुसीचे पाणी आणि मुसीचा इतिहास : अध्यापनाच्या अनुभवातून काही विचार

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या इराच भरुचा यांनी लिहिले, आणि ते आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे वापरले आहे. या अभ्यासक्रमाचा शेवटचा घटक क्षेत्रभेटीचा आहे. त्यात पहिल्या कलमात नदी, जंगल, गवताळ प्रदेश, टेकडी अशा स्थानिक संपदेची नोंद करण्यास सांगितले असून, दुसऱ्या कलमात एखाद्या प्रदूषित स्थळाला भेट देण्यास सांगितले आहे. हैदराबादच्या अध्यापकाला मात्र ही दोन कलमे वेगळी ठेवता येत नाहीत. मुसी ही पहिल्या यादीतलीही आहे आणि दुसऱ्याही.

प्रत्यक्षात काय घडते, हे आपण सर्वजण जाणतो. आदल्या वर्षीच्या फाईलची छायाप्रत काढून मुखपृष्ठ बदलले जाते. मुसीवरील प्रकल्पात उगम, लांबी, उपनद्या, 'प्रदूषणाची कारणे' आणि 'उपाय' असे पाच ठरलेले परिच्छेद असतात. त्याच विद्यार्थ्याला इतिहासाच्या तासाला १९०८ चा महापूर शिकवला जातो आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचा सामू काढायला लावला जातो. पण या दोन तासांची गाठ कधी पडत नाही. पाण्यातील दोष आकड्यांनी मोजता येतो, पण तो आकडा तसा का आला, हे इतिहासाशिवाय कळत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. आणि ते न कळल्यास दोष भलत्याच माणसांच्या माथी मारला जातो. पुढील विवेचन या धारणेच्या आधारे केले आहे.

मुसीचा उगम हैदराबादच्या पश्चिमेस, विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात होतो. वाडीकडून रेल्वेने येणाऱ्या मराठी प्रवाशाला विकाराबाद हे स्थानक परिचित असते, परंतु ही नदी तेथून निघते हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुराणकथेत तिला मुचकुंदा म्हणतात. शहराच्या वरच्या अंगाला तिला ईसी नावाचा दुसरा प्रवाह मिळतो. मुसी आणि ईसी या नावांचा संबंध हजरत मूसा आणि हजरत ईसा यांच्याशी जोडण्याची प्रथा जुन्या शहरात आहे. ही लोकव्युत्पत्ती आहे, इतिहास नव्हे. पण वर्गात ती सांगावी असे मला वाटते, कारण दोन धर्मपरंपरांनी एकाच नदीला आपापल्या नावांनी आपले म्हटल्याची ती खूण आहे. पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे मुसी कृष्णेला मिळते.

इब्राहिम कुतुबशाहाच्या काळात, १५७८ मध्ये, तिच्यावर पुराना पूल बांधला गेला. शहर त्यानंतर, म्हणजे १५९१ मध्ये, मुहम्मद कुली कुतुबशाहाने वसवले. पूल आधी आणि शहर नंतर, हा क्रम विद्यार्थ्यांना नेहमी चकित करतो. नदी ओलांडण्याची गरज गोवळकोंड्याला होती. तिच्या काठी राहण्याची कल्पना मागाहून आली.

१९०८ : पूर आणि त्याचे पुरावे

२८ सप्टेंबर १९०८ रोजी, रमजान नुकताच सुरू झालेला असताना, मुसीला आलेल्या पुराने अफझलगंज, कोळसावाडी, घांसी बाजार हे भाग उद्ध्वस्त केले. मृतांचा आकडा बहुधा पंधरा हजार असा सांगितला जातो, पण वेगवेगळ्या लेखनांत तो खूपच वर-खाली होतो. हा फरक अध्यापकाने लपवू नये. वाहून गेलेल्यांची मोजणी कोण करणार होते, वाटसरू आणि भाडेकरू कोणाच्या नोंदवहीत होते, हे प्रश्न विचारले की विद्यार्थ्याला इतिहासाच्या साधनांची मर्यादा आपोआप समजते.

या पुराची साधने तीन प्रकारची आहेत आणि ती शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यात गंमत आहे. पहिले साधन साहित्याचे. उर्दू रुबाईचे थोर कवी अमजद हैदराबादी यांनी या पुरात आई, पत्नी आणि मुलगी गमावली. ते स्वतः वाचले आणि 'कयामत-ए-सुगरा' ही नज्म त्यांनी लिहिली. दुसरे साधन लोकस्मृतीचे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली असे सांगतात, आणि ते झाड दाखवतातही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीची पूजा करून तिला साडी-नारळ अर्पण केल्याची कथा तर शहरात सर्वांच्या तोंडी आहे. ती घडली की नाही, यावर तासभर वाद घालण्यापेक्षा ती इतकी वर्षे का सांगितली जाते, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

तिसरे साधन अभियंत्याचे आहे, आणि आपल्या विषयासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या सेवेत नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांची कारकीर्द घडली होती. खडकवासल्याच्या जलाशयावरचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे मराठी वाचकाला माहीत आहेतच. निवृत्तीनंतर ते युरोपात असताना त्यांना हे बोलावणे गेले आणि १५ एप्रिल १९०९ रोजी ते हैदराबादला पोहोचले. त्यांनी पाऊस, पाणलोट आणि पुराच्या खुणा यांचा जो हिशोब मांडला, तो आजही पदवीच्या विद्यार्थ्याला समजेल इतका सरळ आहे. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. शहराच्या वरच्या ८६० चौरस मैलांच्या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ फुटले.

या एका वाक्यापाशी वर्ग थांबवावा. तलाव हे दख्खनच्या पठारावरील शेतीचे जुने वैभव. एकाचे जादा पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्यात, अशी ही साखळी असते. वरचा एक फुटला की खालच्यांवर अचानक भार येतो आणि साखळी माळेसारखी तुटत जाते. म्हणजे १९०८ चा पूर निव्वळ आभाळातून आला नव्हता. जमिनीवरची शेकडो वर्षांची रचनाही एका रात्रीत नदीत उतरली होती. मराठी वाचकाला येथे १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवेल. दोन्ही ठिकाणी साठवलेले पाणी सुटले, पण पानशेतला ते एका अपुऱ्या धरणाचे होते, तर येथे दोनशेहून अधिक तलावांचे.

विश्वेश्वरय्यांचा उपाय असा होता की, शहराच्या वर दोन्ही प्रवाहांवर धरणे बांधून पुराचे पाणी तेथेच अडवावे आणि सावकाश सोडावे. त्याप्रमाणे मुसीवर उस्मान सागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. या काळातील संस्थानचे अभियंते नवाब अली नवाज जंग यांचे नाव या कामांशी आणि पुढे निजाम सागराशी जोडलेले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना ते माहीत नसते, ही खेदाची गोष्ट आहे. १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले, काठावर भिंती आणि बागा झाल्या, उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय, सिटी कॉलेज अशा वास्तू उभ्या राहिल्या. लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली १९१२ ते १९१५ दरम्यान तयार झालेले शहराचे सविस्तर नकाशे उपलब्ध आहेत. त्यांवर नदीकाठची एकेक वास्तू, विहीर आणि गल्ली दाखवली आहे. ते नकाशे आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवणे हा एका तासाचा उत्तम पाठ आहे.

धरणानंतरची नदी

पाठ्यपुस्तकातील कथा येथे संपते. पूर आला, द्रष्टा अभियंता आला, धरणे झाली, शहर वाचले. त्यात खोटे काही नाही. पण कथेचा उत्तरार्ध सांगितला जात नाही.

धरणांनी पूर अडवला आणि पिण्याचे पाणीही दिले. गंडीपेटचे पाणी, म्हणजेच उस्मान सागराचे पाणी, उताराने शहरात येई. त्याची चव जुने हैदराबादी अजून सांगतात. मात्र जे पाणी नळात आले, ते नदीतून गेले. पावसाळ्यात दरवाजे उघडल्यावेळचे दिवस वगळता शहरातल्या पात्राला वरून स्वच्छ पाणी मिळणे बंद झाले. याच सुमारास भूमिगत गटारांची योजना झाली. १९३१ च्या सुमारास पूर्ण झालेली ती रचना पाच लाखांहून कमी लोकवस्तीसाठी होती. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीत ६७ लाखांवर माणसे होती. वाढलेल्या शहराला दोन जलाशय पुरेनात म्हणून १९६५ पासून मांजरेचे, पुढे सिंगूरचे, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे पाणी आणले गेले. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरला. उन्हाळ्यात नयापुलाखालून जे वाहते, त्यात अनंतगिरीचा थेंबही क्वचितच असतो. ते या तीन नद्यांचे, आपल्या स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून आलेले पाणी असते. हे वाक्य मी वर्गात प्रथम बोललो तेव्हा मागच्या बाकावरचा, मूळ बीडचा एक विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे सर, आमचंच पाणी." वर्ग हसला, परंतु त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

मुसीला 'मेलेली नदी' म्हणण्याची सवय लागली आहे. पण पाणी तिला बारमाही आहे, पूर्वीपेक्षा अधिकच. तिच्यातील पाण्याचा उगम तेवढा बदलला आहे.

बाटलीतले पाणी

मोजमापाच्या बाबतीत पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितली पाहिजे, कारण ती अनेक महाविद्यालयांत होत असावी. पुराना पुलाखालून विद्यार्थ्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या-अर्ध्या भरून आणल्या. बसच्या धक्क्यांनी त्या तासभर हिंदकळल्या. प्रयोगशाळेत विरघळलेला प्राणवायू मोजला, तेव्हा आकडा इतका चांगला आला की ते पाणी स्नानास योग्य पाण्याच्या आसपास जाऊन बसले. त्याचा तक्ता रंगवून भिंतीवर लावलाही होता. बाटलीतल्या रिकाम्या जागेतील हवा पाण्यात मिसळली होती, इतकेच. आम्ही नदीतला नव्हे, बसमधला प्राणवायू मोजला होता.

पुढच्या वर्षी काचेच्या बुचाच्या बाटल्या काठोकाठ भरून, काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून प्राणवायू 'बांधून' घेतला. या पद्धतीचा एक मोठा शैक्षणिक फायदा असा की, आकडा येण्याआधी रंग दिसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. गंडीपेटच्या बाटलीत तपकिरी साका होता. पुराना पुलाच्या बाटलीत पांढरा. कला शाखेच्या ज्या विद्यार्थिनींनी बारावीनंतर परीक्षानळी हातात धरली नव्हती, त्यांनाही त्या दोन बाटल्यांतील अंतर समजावून सांगावे लागले नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. मैदानी स्नानास योग्य पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमपर्यंतच असावी. देशातील दूषित नदीपट्ट्यांची मंडळाने २०१८ मध्ये जी यादी केली, तीत ज्यांची ही मागणी ३० च्या वर जाते ते पट्टे पहिल्या प्राधान्याचे मानले. हैदराबादपासून खालचा मुसीचा पट्टा त्यांत आहे. अंबरपेट येथे दररोज ३३९ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र आहे आणि त्यानंतरही अनेक केंद्रे झाली आहेत. परंतु केंद्रात न पोहोचणाऱ्या नाल्यांचे काय, हे नकाशावर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. हातमोजे, बूट आणि दोरीची बादली याशिवाय कोणालाही पाण्याजवळ जाऊ देऊ नये. उत्साहाच्या भरात हे विसरले जाते.

शहराखाली गेले की चित्र पुन्हा पालटते, आणि हा भाग सहसा कोणी शिकवत नाही. नदीकाठी पॅरा गवताची हिरवीगार शेते आहेत. ते गवत शहरातल्या म्हशींच्या गोठ्यांत जाते. पिर्झादीगुडा, प्रतापसिंगारम, पिल्लायपल्ली या वाटेने जुन्या बंधाऱ्यांवरून पाणी पडत, साचत, पुन्हा पडत जाते. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेशी संबंधित संशोधकांनी या पट्ट्याचा अभ्यास केला. सुमारे ४० किलोमीटरच्या अंतरात जंतांची अंडी आणि रोगजंतूंचे प्रमाण खूप खाली येते आणि प्राणवायू वाढतो, असे त्यांना आढळले. सिंचनासाठी बांधलेले बंधारे नकळत शुद्धीकरणाचे काम करत होते. क्षार मात्र त्या वाटेने जात नाहीत, उलट वाढतात, आणि भातशेतीला ते जाणवतात. तरीही नलगोंड्याच्या शेतकऱ्याला हे पाणी हवे असते, कारण ते उन्हाळ्यातही आटत नाही. तेथील भूजलात फ्लोराईडचे प्रमाण किती आहे, हे नागपूरच्या 'नीरी' संस्थेने फ्लोराईड काढण्याच्या आपल्या पद्धतीला 'नलगोंडा तंत्र' असे नाव दिले यावरूनच कळावे.

प्रश्न कोणाच्या दोषाचा

२०२४ मध्ये मुसीच्या पात्रातील आणि काठावरील घरे हटवण्याची मोहीम सुरू झाली, घरांवर लाल रंगात खुणा केल्या गेल्या. त्या वर्षीच्या तुकडीत काठावरच्या एका वस्तीतली विद्यार्थिनी होती. ती कोठे राहते हे आम्हाला ठाऊक नव्हते, तिने सांगितले नव्हते. पांढऱ्या साक्याची बाटली पाहून तिने विचारले, "सर, हे आमच्यामुळे झालं का? सगळे तसंच म्हणतात."

या प्रश्नाचे उत्तर दिलासा देऊन देता येत नाही, हिशोबाने द्यावे लागते. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. शहराला दररोज किती पाणी येते, त्यातले किती वापरून परत जाते, त्यातले किती प्रक्रिया होऊन नदीत उतरते. मग तिच्या वस्तीतील घरे आणि माणशी पाणी धरून तिच्या वस्तीचा वाटा काढला. तो इतका लहान निघाला की आलेखावर काढता येईना. वस्तीचे सांडपाणी नदीत जात नाही असे नव्हे. पण उंच इमारतींचेही जाते, फक्त ते नळीतून जाते म्हणून दिसत नाही. पुराचा धोका हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो दिसला, सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर पात्रातल्याच जागेवर बांधलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले तेव्हाही दिसला. पूररेषेत सरकारी बसस्थानक आणि गरिबाची झोपडी दोन्ही असतात, हे विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे.

दोष शोधायचाच तर वरच्या अंगालाही जावे लागेल. ८ मार्च १९९६ च्या १११ क्रमांकाच्या सरकारी आदेशाने दोन्ही जलाशयांभोवती १० किलोमीटरच्या पट्ट्यात, ८४ गावांत, प्रदूषक उद्योग आणि मोठी बांधकामे बंद केली होती. एका तेल कारखान्याच्या परवानगीवरून प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध एम. व्ही. नायडू हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ व २००० च्या निकालांनी सावधगिरीचे तत्त्व भारतीय कायद्यात पक्के केले. पर्यावरण कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात हा खटला असतो, पण तो आपल्या पिण्याच्या पाण्याचा होता हे हैदराबादच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये ६९ क्रमांकाचा आदेश काढून सरकारने हे निर्बंध उठवण्याचे ठरवले आणि वाद पुन्हा न्यायालयात गेला. नदीचे भवितव्य पुराना पुलापेक्षा या ८४ गावांत अधिक ठरते आहे, असे माझे मत आहे.

त्या विद्यार्थिनीने आपला प्रकल्प आजीच्या मुलाखतीवर केला. आजीला सन आठवत नव्हते. त्यामुळे तिने आठवणींना खुणा लावून घेतल्या : लग्नाच्या वर्षी, थोरल्याच्या जन्माच्या वर्षी, ऑगस्ट २००० च्या पुराआधी, पुरानंतर. कपडे कोठे धुतले जात, मुले कोठपर्यंत पाण्यात जात, फेस कधी दिसू लागला, डास कधी वाढले, हे सारे त्या खुणांनुसार एका तक्त्यात भरले. शेवटच्या रकान्यात आमच्या बाटल्यांचे आकडे होते. आजीच्या एका वाक्यावर परीक्षकांनी आक्षेप घेतला. तिने म्हटले होते की नदीला पूर्वी वास होता, पण तो ओल्या मातीचा होता. हे मोजमाप नाही, असे परीक्षकांचे म्हणणे पडले. आम्ही ते वाक्य तक्त्यात तसेच ठेवले, आणि त्याच्यापुढे तिने सांगितलेली खूण लिहिली : थोरल्याच्या जन्माआधी.